व्हिसा काढताना फसवणूक कशी टाळावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखातात बारा वर्षं स्टोअरकीपर म्हणून काम करून मी रत्नागिरीला परतलो. तेव्हापासून गावातली, नात्यातली मुलं परदेशी जाण्याआधी कागद दाखवायला घरी येतात. कुणी ऑफर लेटर आणतं, कुणी व्हिसाची झेरॉक्स, तर कुणी नुसता व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत. बरेचजण पैसे देऊन झाल्यावर येतात. कृपा करून त्याआधी वाचा.

एजंटकडे जाणंच चूक आहे का?

अजिबात नाही. मी स्वतः एजंटमार्फतच गेलो होतो आणि माझा एक पैसाही बुडाला नाही. फक्त एजंट नोंदणीकृत हवा. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजन्सीला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स यांच्याकडून लायसन्स घ्यावं लागतं. हा लायसन्स नंबर ऑफिसात सगळ्यांना दिसेल असा लावणं आणि प्रत्येक जाहिरातीत छापणं बंधनकारक आहे. त्यामुळे एसटी स्टँडच्या खांबावर चिकटवलेल्या 'दुबई-कतार अर्जंट भरती'च्या कागदावर लायसन्स नंबर नसेल, नुसताच मोबाइल नंबर असेल, तर त्या नंबरावर फोनसुद्धा करू नका.

विद्यार्थ्यांना परदेशी पाठवणाऱ्या कन्सल्टन्सींना हा कायदा लागू होत नाही, तो फक्त नोकरीपुरता आहे. 'आम्ही सरकारमान्य' असं एखादी शिक्षणाची कन्सल्टन्सी म्हणाली, तर कोणत्या सरकारची, कोणती मान्यता, आणि तिचा कागद कुठे आहे, हे विचारा.

लायसन्स नंबर तपासला, खरा निघाला. आता निर्धास्त व्हायचं का?

अजून नाही. नंबर खरा असतो, पण कधी कधी तो भलत्याच एजन्सीचा असतो. मुंबईतल्या एखाद्या चांगल्या एजन्सीचा नंबर उचलायचा, स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डावर छापायचा आणि तालुक्याच्या गावी गाळा भाड्याने घेऊन बसायचं, हा धंदा फार जुना आहे.

परराष्ट्र मंत्रालयाचं ईमायग्रेट पोर्टल आपल्या फोनवर स्वतः उघडा. तिथे नोंदणीकृत एजंटांच्या यादीत नाव, पत्ता आणि लायसन्स चालू आहे, निलंबित आहे की रद्द झालंय, हे सगळं दिसतं. त्या यादीतल्या नंबरावर फोन लावा. कार्डावरच्या नंबरावर नको. दोनच गोष्टी विचारा: अमुक माणूस तुमचा आहे का, आणि अमुक कंपनीची भरती तुमच्याकडे आहे का. 'मी मुंबईच्या ऑफिसचा इथला सब-एजंट' असं सांगणाऱ्या बिननोंदणीच्या माणसाला कायद्यात जागाच नाही.

मी येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. ज्याच्याबद्दल खात्री करायची आहे, त्याच्याचकडून खात्री करण्याची लिंक, फोन नंबर किंवा 'तिकडे असलेला माणूस' घेऊ नका. व्हिसा खरा असल्याचं दाखवणारी हुबेहूब सरकारी दिसणारी वेबसाइटसुद्धा हे लोक बनवतात. तुम्ही पासपोर्ट नंबर टाकता, हिरव्या अक्षरांत 'मंजूर' असं येतं आणि तुम्ही उरलेले पैसे भरून मोकळे होता.

एजंटला किती पैसे द्यायचे?

नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो, म्हणजे एकूण ३५,४००. त्याची पावती देणंही त्याच्यावर बंधनकारक आहे. व्यवहारात लोक लाख-दीड लाख मोजतात, मलाही माहीत आहे. पण जो ३५,४०० च्या वरचे पैसे रोख मागतो आणि पावतीचं नाव काढलं की चिडतो, त्याने कायदा तुमच्यासमोरच मोडलेला असतो. पैसे एजन्सीच्या नावाच्या बँक खात्यातच भरा. यूपीआय करताना स्क्रीनवर ज्याचं नाव येतं ते वाचा. एजन्सीचं नाव एक आणि खातं कुणा भलत्याच माणसाचं, असं दिसलं तर तिथेच हात आवरा.

मेडिकलबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. आखाती देशांच्या वर्क व्हिसासाठी वाफिद या व्यवस्थेत नोंद असलेल्या केंद्रांतच तपासणी होते. काही एजंट अजून ऑफर लेटरचाही पत्ता नसताना पन्नास-पन्नास मुलांना 'आधी मेडिकल करून घ्या' म्हणून पाठवतात. नोकरी असतेच असं नाही, मेडिकलमधलं कमिशन मात्र पक्कं. कंपनीचं नाव, पगार आणि काम लिहिलेला कागद हातात पडल्याशिवाय मेडिकलला जाऊ नका.

'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर कामाचा व्हिसा करून देतो' असं सांगतात. जावं का?

नको. संयुक्त अरब अमिरातीत व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. पकडलं गेलं तर दंड, तुरुंगवास आणि हद्दपारी होते, आणि ती भोगावी लागते ती तुम्हाला.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा असतो. अशांना सौदी, कुवेत, ओमान, कतार, बहरीन, अमिराती, मलेशिया, इराक वगैरे १८ देशांत कामाला जाताना सरकारची परवानगी घ्यावी लागते. ही अडवणूक आहे असं लोकांना वाटतं. खरं तर त्या प्रक्रियेत तुमचा करार सरकारी नोंदीत जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा अपघात विमा निघतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. व्हिजिटवर गेलेल्या माणसाच्या नावाने यातलं काहीच नसतं. मी शारजात असताना आमच्या लेबर कॅम्पमध्ये असा एक मुलगा होता. मचाणावरून पडून त्याचा पाय मोडला, तेव्हा कंपनीने सरळ सांगितलं की हा आमचा माणूसच नाही. कागदावर तो खरोखरच कुणाचाच नव्हता. आम्ही वर्गणी काढून त्याचं तिकीट केलं.

अमिरातीच्या नोकरीची ऑफर तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या ठरलेल्या नमुन्यात असते आणि तिच्यावर व्यवहार क्रमांक असतो. तो क्रमांक त्या मंत्रालयाच्या वेबसाइटवर तपासता येतो.

थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी आहे, पगार लाखाच्या आसपास, अनुभव नको, तिकीट कंपनीचं. काय करू?

जाऊ नका. यावर मी घरच्यांना बोलावून घेऊन बोलतो, कारण इथे पैशांपुरतं प्रकरण राहत नाही.

परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच याबद्दल जाहीर इशारा दिला होता. 'डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह' अशा भारदस्त नावाची नोकरी दाखवतात, मुलाखत ऑनलाइन आणि पाच मिनिटांची. बँकॉकला उतरलं की गाडीने म्यानमारच्या सीमेपर्यंत नेतात आणि मोई नदी ओलांडून म्यावाडीच्या बाजूला सोडतात. तिथे तारेच्या कुंपणाआड बसून बनावट प्रोफाइलवरून लोकांना ऑनलाइन लुबाडायचं काम करायला लावतात. नकार दिला तर मारहाण, शॉक, उपासमार, आणि सुटायचं असेल तर खंडणी. कंबोडिया आणि लाओसमध्येही असेच अड्डे आहेत. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी थायलंडच्या माए सोतहून ५४९ भारतीयांना परत आणलं.

रशियाचंही असंच झालं. मदतनीसाचं काम किंवा शिक्षण असं सांगून नेलेल्या तरुणांना युक्रेनच्या युद्धात लोटल्याच्या प्रकरणात सीबीआयने मार्च २०२४ मध्ये देशभर छापे घातले, त्यांत मुंबईही होती.

खूण सांगायची तर एकच पुरेशी आहे. पर्यटक म्हणून व्हिसाशिवाय किंवा विमानतळावर मिळणाऱ्या व्हिसावर जायचं आणि तिथे नोकरी करायची, असं कुणी सांगत असेल, तर ती नोकरी कायद्याने नाहीच. पगाराचा आकडा कितीही मोठा असो.

ऑफर लेटर खोटं आहे हे कसं ओळखायचं?

गेल्या पावसाळ्यात हॉटेल मॅनेजमेंट केलेला एक मुलगा आला होता. त्याचं पत्र कॅनडातल्या एका हॉटेलचं. वर लाल मेपलचं पान, खाली गोल शिक्का, हाउसकीपिंगच्या कामाला महिना ४,२०० डॉलर, राहणं-खाणं फुकट. आम्ही दोघं ओटीवर बसून ते ओळ न् ओळ वाचलं. पत्त्यात 'टोरंटो, ब्रिटिश कोलंबिया' असं होतं. टोरंटो आहे ओंटारिओ प्रांतात. ईमेल जीमेलचा. मुलाचं नाव बाकीच्या मजकुरापेक्षा वेगळ्या अक्षरांत, म्हणजे मूळ पत्रात दुसऱ्याचं नाव असावं. कामाचे तास, सुट्टी, ओव्हरटाइम यांचा उल्लेखच नाही. शेवटी मात्र 'परत मिळणारं डिपॉझिट ४५,००० रुपये' आणि त्यासाठी एका व्यक्तीचं सेव्हिंग खातं. मुलाखत कशी झाली विचारलं, तर म्हणाला, व्हॉट्सअॅपवर तीन प्रश्न विचारले.

हॉटेल खरं होतं. त्याच्या वेबसाइटवरचा ईमेल पत्ता शोधून आम्ही पत्र जोडून विचारणा केली. दोन दिवसांत उत्तर आलं: हे पत्र आमचं नाही. मुलाच्या आईने तोवर पाटल्या सराफाकडे नेऊन ठेवल्या होत्या, पण पैसे भरायचे राहिले होते.

तेव्हा पत्राच्या देखणेपणावर जाऊ नका. कंपनीला तिच्या स्वतःच्या वेबसाइटवरून शोधून थेट विचारा. विचारलं म्हणून कुठलीही खरी कंपनी नोकरी काढून घेत नाही.

फॉर्म एजंटनेच भरला, कागदही त्यानेच जोडले. खोटं निघालं तर जबाबदार कोण?

तुम्ही. सही तुमची असते. हे ऐकून मुलांचे चेहरे उतरतात, म्हणून वाईट वाटतं, पण हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

२०२३ साली कॅनडात गेलेल्या, मुख्यतः पंजाबच्या शेकडो विद्यार्थ्यांवर हद्दपारीची टांगती तलवार आली. जालंधरच्या एका एजंटने त्यांना कॉलेजांची बनावट प्रवेशपत्रं दिली होती. मुलं तिथे पोहोचल्यावर 'त्या कॉलेजातल्या जागा भरल्या' म्हणून त्यांना दुसरीकडे प्रवेश घ्यायला लावला. पुढे शिक्षण झालं, नोकऱ्या लागल्या, कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज केले, आणि तेव्हा मूळ पत्र खोटं असल्याचं उघड झालं. एजंटला कॅनडाच्या कोर्टाने २०२४ मध्ये ३ वर्षांची शिक्षा दिली, पण मुलांना मात्र आपण अजाण होतो हे एकेकट्याने सिद्ध करत बसावं लागलं. १ डिसेंबर २०२३ पासून कॅनडा सरकार प्रत्येक प्रवेशपत्र कॉलेजकडून पडताळून घेतं. तुम्हीही कॉलेजला स्वतः ईमेल करून विद्यार्थी क्रमांकासह विचारून घ्या.

खोट्या कागदाची किंमत काय, तेही पाहा. कॅनडा ५ वर्षांची बंदी घालतं, ब्रिटन फसवणुकीसाठी १० वर्षांची, ऑस्ट्रेलिया सर्वसाधारणपणे ३ वर्षांची. अमेरिकेत तर खोटी माहिती देऊन व्हिसा मागितल्याचं ठरलं, तर विशेष सूट मिळाल्याशिवाय ती बंदी जन्मभराची असते. एजंट 'फंड दाखवून देतो', 'अनुभवाचं सर्टिफिकेट करून देतो', 'गॅप भरून देतो' असं किती सहज म्हणतो! चार दिवसांपुरते खात्यात आलेले पंधरा लाख व्हिसा अधिकाऱ्याला सहज ओळखू येतात, कारण तो स्टेटमेंट सहा महिन्यांचं वाचतो.

म्हणून अर्जाचं खातं तुमच्याच ईमेलवर उघडा आणि पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा. एजंटने स्वतःचा ईमेल टाकला, तर व्हिसा नाकारल्याचं पत्रही त्याच्याचकडे जातं आणि तुम्हाला 'प्रोसेसमध्ये आहे' एवढंच महिनोन्‌महिने ऐकायला मिळतं. जमा करण्याआधी पूर्ण अर्ज वाचा आणि प्रत ठेवा. इंग्रजी अडत असेल, तर शाळेतल्या सरांना सोबत बसवा. अमेरिकेच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये तर तो भरायला कुणाची मदत घेतली का, हेही विचारतात. घेतली असेल तर तसंच लिहा, त्यात गैर काही नाही.

कॅनडाच्या सल्लागाराचा परवाना तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या जाहीर यादीत पाहता येतो. ब्रिटनसाठी इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीची यादी आहे.

ब्रिटनच्या स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट १५ लाखांना मिळतंय. घ्यावं का?

तिथल्या नोकरीच्या व्हिसासाठी लागणारं हे सर्टिफिकेट विकायची वस्तूच नाही. कंपनीने ते सर्टिफिकेट स्वतःच्या खर्चाने द्यायचं असतं, आणि हा खर्च कामगाराकडून वसूल करायला ३१ डिसेंबर २०२४ पासून मनाई आहे. परदेशी कामगार घेण्याचा परवाना असलेल्या कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर सगळ्यांना खुली आहे. केअर वर्करची परदेशातून नवी भरती तर २२ जुलै २०२५ पासून बंदच झाली. तरीही त्या नावाने कुणी आज पैसे मागत असेल, तर समजून घ्या.

अपॉइंटमेंट मिळत नाही. एजंट दहा हजारांत तारीख काढून देतो म्हणतो.

व्हिसाचे अर्ज स्वीकारणारी व्हीएफएससारखी केंद्रं फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेतात. निर्णय दूतावासाचा असतो, त्यामुळे 'व्हीएफएसमध्ये आपला माणूस आहे' या बोलण्यात काडीचा अर्थ नाही. तारखा अडवून ठेवून विकणाऱ्यांवर कारवाईही होते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकन दूतावासाने भारतात सॉफ्टवेअरने घेतलेल्या सुमारे २,००० अपॉइंटमेंट रद्द केल्या. ज्यांनी पैसे मोजले होते, त्यांची तारीखही गेली. रोज सकाळी-रात्री स्वतः लॉगिन करून बघत राहणं कंटाळवाणं आहे, पण तारखा सुटतात.

अमेरिकेच्या ग्रीन कार्ड लॉटरीत नाव लागल्याचा ईमेल आलाय.

खोटा आहे. त्या लॉटरीसाठी भारतात जन्मलेल्यांना सहसा अर्जच करता येत नाही, आणि निवड झाल्याचं अमेरिकन सरकार ईमेलने कळवत नाही.

जहाजावरच्या नोकरीसाठी तीन लाख मागतात. मर्चंट नेव्हीत एवढे लागतातच ना?

आमच्या किनाऱ्यावरच्या घरांना हा प्रश्न फार जवळचा आहे, आणि 'लागतातच' ही समजूत पार चुकीची आहे. जहाजावर माणसं पाठवणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज वाहतूक महासंचालनालयाचं, आरपीएसएल नावाचं भरतीचं लायसन्स हवं. त्याचा नंबर डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर तपासता येतो. भारताने स्वीकारलेल्या सागरी कामगार करारानुसार खलाशाकडून नोकरी लावून देण्याचे पैसे घेताच येत नाहीत. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि मेडिकल सर्टिफिकेट यांचा खर्च खलाशाचा असतो. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा.

बिनलायसन्सचे दलाल मुलांना टूरिस्ट व्हिसावर परदेशी बंदरात पाठवतात आणि कुठल्या तरी जुनाट बोटीवर चढवतात. पगार थकतो, मालक फोन उचलत नाही, आणि किनाऱ्यावर उतरायला कागद नसतात. पोराने जहाजाचं नाव आणि आयएमओ नंबर घरी कळवल्याशिवाय त्याला निघू देऊ नका. त्या नंबरावरून जहाज कुठलं, कुठे आहे, हे घरबसल्या पाहता येतं.

एजंट ओरिजिनल पासपोर्ट ठेवून घेतो. द्यावा का?

पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, तारण ठेवायची वस्तू नाही. स्टॅम्पिंगसाठी द्यावाच लागला, तर तारीख आणि कारण लिहिलेली, शिक्क्याची पोच घ्या. 'काम नको, पासपोर्ट परत द्या' म्हटल्यावर पैसे मागत असेल, तर थेट पोलीस ठाण्यात जा.

पैसे गेले. आता काय करता येईल?

ऑनलाइन पैसे पाठवले असतील, तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात, त्यामुळे इथे प्रत्येक मिनिटाला मोल आहे. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि बिननोंदणीच्या भरतीसाठी उत्प्रवास कायदा लागतोच. नोकरीचं प्रकरण असेल, तर मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं ऑफिस आहे. ईमायग्रेटवरही तक्रार नोंदवता येते. माणूस परदेशात अडकला असेल, तर परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल आणि प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००११३०९० हा टोल फ्री नंबर आहे.

रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करू नका. स्क्रीनशॉट, व्हॉइस मेसेज, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, कागदाचा चिटोरा असला तरी तो, सगळं एका फाइलमध्ये लावा.

माझ्या धाकट्या भावाचे २००९ साली ८०,००० रुपये गेले. कुवेतचा व्हिसा म्हणून त्याला जो कागद दिला होता, तो मुंबई विमानतळावरच खोटा ठरला आणि भाऊ रात्रीच्या गाडीने परत आला. लोक काय म्हणतील म्हणून आम्ही घरातल्या कुणीच तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी त्याच माणसाने शेजारच्या तालुक्यातल्या चौघांना तसाच कागद दिला. त्यातल्या एकाचे वडील आमच्याकडे चौकशीला आले होते. त्यांच्यासमोर काय बोलावं हे मला सुचलं नाही.

एजंट म्हणतो, तक्रार केलीस तर पासपोर्ट ब्लॅकलिस्ट करीन. खरंच करू शकतो का?

नाही. कुठल्याही एजंटला तो अधिकार नाही. तक्रार केली म्हणून कुठलाही दूतावास व्हिसा नाकारत नाही. उलट, पुढच्या अर्जात 'यापूर्वी व्हिसा नाकारला आहे का' या रकान्यात जे घडलं ते खरं लिहा आणि पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीची प्रत जोडा. ही प्रत आजच दोन-चार जास्त काढून ठेवा, एक घरच्यांकडे द्या.